कावळ्या उतारावरच्या थप्प्या

जांभूळखोरी, ता. कन्नड
१२ नोव्हेंबर २०२४

शिवशंकर,

वर 'चिरंजीव' लिहायला बसले होते, पण हात उचलंना. आशीर्वादबी लिहीत नाय. ते फुकट वाटायचे दिवस गेले.

फोन केला की तू कापतोस. सुनेच्या, मंजुषाच्या फोनवरून केला तर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आन् ठेवतोस. म्हणून पत्र, आन् तेबी कन्नडला जाऊन रजिस्टर. सही केल्याबिगर पोस्टमन हातात देणार नाय आन् तुझ्या सहीची पोचपावती माझ्या घरी परत येईल. सातवीपर्यंत शिकले त्याचा हा एवढा उपयोग.

तर ऐक. बावीस ऑक्टोबरला तू माझी बेचाळीस मेंढरं कोंडवाड्यात घातलीस. चोर असल्यागत मला डोंगरावरनं खाली आणलं. अरे, चांदमारीचा रिवाज तुला मी सांगायचा का? डोंगरावर लाल झेंडा असला की लष्कराचा सराव, झेंडा उतरला की आमची मेंढरं. माझ्या सासऱ्यापासून हेच चाललंय. पन्नास वर्षांत एका फौजी साहेबानं आम्हाला हटकलं नाय. हटकायला आमच्याच घरातला निघाला.

आन् मेंढरांचं एक वेळ जाऊ दे. तिथं तीन साहेब उभे होते, तू त्यांना नकाशा दावत होतास. मी म्हणलं, "शिवा, अरे आपली मेंढरं हायेत ही." तू माझ्याकडं बघितलंस, ओळखलंस, आन् त्या साहेबाला म्हणलास, "लोकल बाई आहे सर, यांचा त्रासच आहे."

लोकल बाई! आई गेली तव्हा तू सात वर्षांचा होतास. लग्न होऊन आले तव्हा माझ्या मागं तू आलास, रुखवतात भाऊ आला म्हणून गाव हसलं. तुझ्या दाजींनी एक शब्द काढला नाय. परभणीला शेतकी शिकायला गेलास ते कुणाच्या लोकरीवर आन् कुणाच्या कोकरांवर? तव्हा लोकल नव्हते व्हय मी?

आता दुसरी गोष्ट. तुझ्या संस्थेचा कागद आलाय. लष्करानं ह्या डोंगराची दुरुस्ती करायला पैसा दिलाय, गोळ्यांनी आन् गाड्यांनी उकरलेली जमीन पुन्हा धड करायची, चर खोदायचे, बांध घालायचे, झाडं लावायची. चांगलं हाय. पण पुढचा हप्ता मिळायला आम्ही मेंढपाळांनी लिहून द्यायचं की पाच वर्षं डोंगरावर पाय ठेवणार नाय. आन् मेंढपाळ गटाची अध्यक्ष मी. माझ्या सहीबिगर तुझं गाडं अडलंय.

सही देत नाय.

तू पावसाळ्यात लावलेली झाडं बघून आले मी. दहातली आठ वाळून काटक्या झाल्यात. तो कुसळी-पवन्या गवताचा डोंगर हाय, तिथं मुरूम वीतभर खाली लागतो. तिथं गवत येतं, झाड नाय येत. हे तुला सहावीत असताना मालूम होतं. आता शिकून विसरलास. आन् पहिला पैसा कशावर लावायचा होता, शिवशंकर? न फुटलेले गोळे काढण्यावर ना? दक्षिणेकडचे काढले, फोटो काढले, उत्तरेकडं कावळ्या उतारावर कुणी फिरकलंच नाय. तिथं मोठा फलक लावला आन् झाडं लावली. गोळे फोटोत दिसत नाईत, झाडं दिसतात, हेच ना कारण?

उत्तर दे.

चतुराबाई
(लोकल)

•

२० डिसेंबर २०२४

शिवशंकर,

पोचपावती आली. सही तुझीच हाय, तो शेवटी ओढलेला फराटा मीच शिकवलाय तुला पाटीवर. उत्तर मात्र संस्थेच्या शिक्क्याचं आलं, टाइप केलेलं. 'महोदया, आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.'

महोदया! मंजुषानं वाचून दावलं आन् ती हसायला लागली. मी हसले नाय. चुलीत घातलं.

त्या कागदात आमच्या मेंढरांना 'जैविक दबाव' लिहिलंय. अरे वा रे शहाण्या. तुझ्या दाजींची मेंढरं शेतात बसवायला सोयगावपासून शेतकरी गाडी घेऊन यायचे. एका रानात दोन रात्री मेंढरं बसली की दुसऱ्या वर्षी तिथं पीक हातभर उंच. लेंडी पडते, मूत पडतं, खुरांनी बी दबतं. उघड्या पडलेल्या डोंगराला हेच पाहिजे, पण पाळीपाळीनं. पाऊस पडून गवताला बी धरेपर्यंत मेंढरं बाहेर, मग सोडायची. हे मी तुला लिहून दिलं असतं, अंगठा-सही सगळं दिलं असतं, तू विचारलं असतंस तर. तू विचारलं नाहीस. तू कोंडवाडा दावलास.

कोंडवाड्यातनं सोडवून आणल्यावर सात मेंढरं दगावली, बाकीच्यातली निम्मी विकली. आपल्या गटातल्या पुंजारामनं तर सगळीच विकली. त्याच्या मेंढरांचा वाडा दरवर्षी खालच्या माळावर असायचा, कावळ्या उताराचं त्याला काय मालूमबी नाय. तरी पाच वर्षांच्या बंदीचं ऐकून घाबरला गडी. आता तो घरी बसतो, आन् त्याची गयाबाई आन् आमची मंजुषा तुझ्याच कामावर चर खोदायला जातात. जोडीनं काम हाय, एकीनं खोदायचं, एकीनं माती ओढायची. बघ, ज्याची मेंढरं तू हाकलली त्याच्याच बायकोच्या हातात तू कुदळ दिलीस आन् वर मजुरी दिली म्हणून उपकार दावतोस. तुझा मुकादम अप्पाराव परवा दारात येऊन म्हणला, "साहेबांमुळं गावाला रोजगार मिळाला." मी म्हणलं, "तुझ्या साहेबाचं नाक मी पुसलंय, मला नको सांगू."

सही पाहिजे तर अट सांगते. तू स्वतः ये. डोंगरावर, सगळ्यांच्या समोर, त्या साहेबांना बोलव, आन् त्यांच्यासमोर मला अक्का म्हण. मग कागद दे, मी उभ्या उभ्या सही करते. मेंढरांचं नंतर बघू.

नाय आलास तर मार्च उजाडंल, मुदत सरंल, आन् पैसा परत जाईल. तुला फिकीर असली पाहिजे, मला नाय.

चतुराबाई

•

२४ जानेवारी २०२५

शिवशंकर,

अजून आला नाहीस. पोचपावती मात्र वेळेवर येते. सही करायला बरा वेळ मिळतो.

ऐकलं की कुठंशी... जाऊ दे, जागेचं नाव मंजुषानं सांगितलं ते ध्यानात राहिलं नाय. शहरात नवा फ्लॅट घेतलास. वास्तुशांतीला गुलमंडीवरनं साड्या आणल्या, तुझ्या बायकोच्या, श्रेयाच्या माहेरच्या बायकांना वाटल्या. तिच्या मावसबहिणीलाबी मिळाली म्हणे. मला साडी नको. माझ्याकडं दोन हायेत, आन् नेसायला एकावेळी एकच लागते. पण बोलावणं द्यायला काय झालं होतं? शेणाच्या हाताची बहीण फरशीवर बसली असती तर फरशी फुटली असती का?

दाजींच्या वर्षश्राद्धालाबी आला नाहीस. त्यांनी तुला पाठीवर घेऊन डोंगर उतरला होता, पायात गोळ्याचा पत्रा घुसला होता तव्हा. त्या दिवसापासूनच त्यांनी दगडांच्या थप्प्या लावायला सुरुवात केली. अजून पोटरीवर खूण असंल तुझ्या. श्रेयाला काय सांगितलंस, सायकलवरनं पडलास म्हणून?

शिवराज वाळूजला कंपनीत हाय. तो म्हणतो, "आई, मामाचा नाद सोड." मी सोडत नाय. माझा स्वभाव तुला मालूम हाय.

आता एक शेवटचं, आन् हे लिहून ठेवते. तुझ्या दाजींच्या थप्प्या तुला मालूमच हायेत. जिथं न फुटलेला गोळा दिसला तिथं हात न लावता तीन दगड एकावर एक, वरच्याला चुना. कावळ्या उतारावर अशा एकोणतीस थप्प्या होत्या. आम्ही मेंढरं त्यातनं वळवून न्यायचो, कुत्रीसुद्धा शिकली होती. काल बघितलं तर अप्पारावनं सोयगावकडनं आणलेली माणसं त्या थप्प्या उचलून बांधात घालतायत. बांध मापून पैसे मिळतात त्यांना, हाताशी आयता दगड दिसला की उचलतात. त्यांना कुठं मालूम. नऊ-दहा थप्प्या गेल्यात. आन् त्याच जागेतनं आता चर जाणार हाय, खुणा मारून झाल्यात.

तुझ्या कागदावर तू लिहिलंयस ना, की उत्तर उतारावर कधी सराव झालाच नाय? तुझ्या पोटरीला विचार.

मी सांगितलं. उद्या म्हणू नको की अक्कानं सांगितलं नाय.

मंजुषाच्या पाठीत उसण भरलीय. तिला घरीच ठेवलंय.

चतुराबाई

•

४ फेब्रुवारी २०२५

शिवशंकर,

ह्यावेळी लांबड लावत नाय.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला कावळ्या उतारावर गोळा फुटला. पुंजारामच्या कुदळीखाली. उजवा हात मनगटापासून गेला, एक डोळा गेला, दुसऱ्याचं डॉक्टर अजून सांगत नाईत. जीपमध्ये घालून कन्नडला नेला, तिथनं संभाजीनगरला घाटीच्या दवाखान्यात. गयाबाई मातीची पाटी घेऊन वीस पावलांवर होती म्हणून वाचली. तिच्या कानात अजून शिट्टी वाजते म्हणते.

तो तिथं नव्हताच कधी, मालूम हाय का तुला? कामावर गयाबाईची जोडीदारीण मंजुषा. मंजुषा घरी, म्हणून चार दिवस गयाबाईची जोडी मोडली. अप्पाराव म्हणला, जोडी नसंल तर कामावर येऊ नको. मग नवरा गेला तिच्याबरोबर. पहिल्याच आठवड्यात हे.

तू केलंस हे. तूच. अठ्ठावीस तारखेला माझं पत्र तुला पोचलं, पोचपावतीवर तुझी सही हाय, तारीख हाय, शिक्का हाय. एक फोन केला असतास अप्पारावला तर काम थांबलं असतं. चार दिवस होते तुझ्या हातात. चार दिवस! काय करत होतास? नव्या घरात पडदे लावत होतास?

गावात सगळ्यांना सांगितलंय मी. सांगितलं की मी लिहून कळवलं होतं, रजिस्टर, आन् साहेबानं काखा वर केल्या. पोचपावती दावली. लोक थुंकले तुझ्या नावावर.

घाटीत ये. निदान तोंड दाव त्या माणसाला. त्याला एका डोळ्यानं दिसलं तर दिसंल.

चतुराबाई

•

२० फेब्रुवारी २०२५

शिवशंकर,

शेवटी फोन केलास तर कुणाला, मंजुषाला. आन् काय म्हणलास? "अक्काला सांग, त्या पोचपावत्या जाळून टाक."

चार महिने फोन कापत होतास. पावत्यांची गोष्ट आली आन् एकदम अक्का आठवली. साहेबांच्या समोर पाहिजे होती मला ती अक्का. चोरून, सुनेच्या कानात नको होती.

आन् मंजुषानं विचारलं, "मामा, पत्र वाचलं होतं का?" तर तू रडलास म्हणे. म्हणलास, गोळा फुटायच्या आधीची तिन्ही पत्रं उघडलीच नाईत, कपाटात तशीच पडलीत. अक्काच्या पत्रात शिव्यांशिवाय काय असणार म्हणून नाय उघडली.

मला वाटलं होतं हे ऐकून मला बरं वाटंल. वाटलं नाय.

पुढं काय काय कबूल केलंस तेबी सांगितलं पोरीनं. वरनं मुदतीचा तगादा होता. गोळे काढायला पैसा कमी पडला. उत्तर बाजू धरली असती तर सगळंच काम एक वर्ष लांबलं असतं आन् मंजूर झालेला पैसा परत गेला असता. म्हणून सराव झाला नाय असं लिहिलंस. फौजी साहेबानं तुला दोनदा विचारलं होतं, "खात्री आहे ना?" आन् तू म्हणलास, "मी इथलाच आहे सर, मला माहीत आहे." तिथं बरा इथला झालास.

आता लष्कराची चौकशी लागलीय. दोन साहेब गावात येऊन गेले, पुन्हा येणार हायेत. त्यांना पोचपावती मिळाली तर तुला मालूम होतं असं ठरंल, नोकरी जाईल, कोर्टात उभं राहावं लागंल. नाय मिळाली तर तुला मालूम नव्हतं, चूक झाली, एवढ्यावर सुटशील. मंजुषानं हे सगळं मला नीट समजावून सांगितलं. आन् वर तुझा सौदा. पावत्या जाळल्या तर डोंगर मेंढरांना उघडा करून द्यायचं बघतो, शिवराजला संस्थेत चिकटवतो.

थू तुझ्या सौद्यावर. पुंजारामचा हात कुठं चिकटवतोस ते सांग आधी.

पावत्या पितळी डब्यात हायेत, दाजींच्या फोटोमागं. जाळल्या नाईत. दिल्याबी नाईत अजून. रोज काढते, बघते, परत ठेवते. तुझी सही बघते. गावाला दावताना किती जोर होता माझ्या हातात, आता साहेब येणार म्हणलं की डब्याचं झाकण परत लावते. तुझ्यासाठी लावते असं समजू नको. कशासाठी ते मला मालूम हाय, पण तुला सांगत नाय.

गयाबाई काल घाटीतनं कपडे न्यायला आली होती. तिला भाकरी बांधून दिली. जाताना उंबऱ्यात थांबली, काहीतरी विचारणार होती. मी पाणी आणायला आत गेले ते ती जाईपर्यंत बाहेर आले नाय.

चतुराबाई

•

१६ मार्च २०२५

शिवशंकर,

हे पत्र उघडशील, कारण आता तुला उघडावंच लागंल.

पावत्या दिल्या. तिन्ही दिल्या. बुधवारी शाळेत चौकशीचे साहेब बसले होते, तिथं जाऊन टेबलावर ठेवल्या. तुला हिसका दाखवायचा म्हणून दिल्या असं वाटत असंल तर वाटू दे. घरनं निघताना मलाबी तसंच वाटत होतं.

तुझी तिन्ही पत्रं त्यांच्याकडं होती, तशीच बंद. तू स्वतःच नेऊन दिलीस म्हणे. हे मला मालूम नव्हतं. एवढं केलंस ते केलंस.

साहेब मराठी माणूस होता, साताऱ्याकडचा असावा. त्यानं माझ्यासमोर तिसरं पत्र फोडलं आन् मोठ्यानं वाचलं. साड्या वाचल्या, फरशी वाचली, श्रेयाची मावसबहीण वाचली. शाळेच्या खोलीत सरपंच होता, अप्पाराव होता, मला खाली मान घालावी लागली. शेवटी थप्प्यांचं आलं तव्हा त्याचा आवाज हळू झाला. वाचून झाल्यावर घडी घातली आन् मला विचारलं, "बाई, माणसांच्या जिवाची गोष्ट होती. ती एवढ्या शेवटी का लिहिलीत?"

मी टेबलावरच्या पावत्या सरळ केल्या.

मग म्हणला, "पत्र पोचायला चार दिवस लागले. काम चाललं होतं ती जागा तुमच्या घरापासून किती लांब?"

मी म्हणलं, "हाक मारली तर ऐकू जाईल एवढी."

"मग हाक का नाही मारली?"

शिवशंकर, मी त्याला सांगितलं ते तुला सांगते. तुझ्यावर उपकार म्हणून नाय. मी पत्रात 'काल बघितलं' असं लिहिलं होतं, ते खोटं. पहिली थप्पी उचलताना मी बघितली ती भोगीच्या दिवशी. मेंढ्या घेऊन खालच्या बांधाला उभी होते. दोन बायांनी दाजींच्या हातचे दगड उचलले, चुन्याचा दगड पाटीत टाकला. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मग मनात आलं, जाऊ दे. आता फुटू दे काहीतरी. कुणाला लागावं असं नाय म्हणलं मी मनात, एवढंच म्हणलं की मोठा आवाज व्हावा, साहेब धावत यावेत, आन् तुझं सगळं काम तुझ्या तोंडावर पडावं. लोकल बाईला विचारलं असतं तर, असं तुला वाटावं.

अकरा दिवस मी हे मनात घेऊन फिरले. रोज एक-एक थप्पी जाताना मोजली. मग पत्र लिहिलं. आन् मला पक्कं मालूम होतं की तू ते उघडणार नाहीस. दोन पत्रांची पोचपावती आली आन् एका शब्दाचंबी खरं उत्तर नाय, ह्याचा अर्थ मला कळत नव्हता का? उघडणार नाहीस म्हणूनच लिहिलं. म्हणजे मी सांगितलं होतं असं व्हावं, आन् सांगितलंबी नाय असं व्हावं. आन् उघडलंसच तर कंटाळून मधेच टाकशील म्हणून ते सगळं साड्याबिड्यांच्या खाली नेऊन ठेवलं.

मंजुषाच्या पाठीत उसण बिसण काय नव्हती. चराच्या खुणा थप्प्यांच्या जागेतनं गेल्या त्या दिवशी मी तिला दाराला आडवी होऊन घरी बसवली. रागावली माझ्यावर, मजुरी बुडते म्हणाली. माझं माणूस मी काढून घेतलं, शिवशंकर. दुसऱ्याचं राहू दिलं.

हे सगळं साहेबानं लिहून घेतलं. खाली माझी सही हाय. तुझा जबाब आदल्या दिवशी झाला होता, तो माझ्या जबाबाच्या वर लावलाय. एकाच आईच्या पोटातनं आलेली दोन माणसं एका फाईलीत बसली एकदाची.

पुढचं काय होईल ते साहेबाला मालूम. मला कोर्टात बोलावलं तर जाईन. तुझ्या कामाचा उरलेला पैसा थांबवलाय. आधी उत्तरेचे गोळे निघतील, मग बाकीचं. डोंगर सगळ्यांनाच बंद झाला, मेंढरांनाबी. राहिलेली मेंढरं मी विकायला काढलीत. मला त्याचं काय वाटलं नाय असं नाय, पण तक्रार करायला तोंड नाय.

गोळे काढणारे फौजी आले तव्हा त्यांना जागा कोण दाखवणार? एकोणतीस थप्प्यांतल्या चौदाच उरल्या होत्या. दाजी नाईत. मी गेले पुढं. तीन दिवस त्यांच्याबरोबर फिरले. ते म्हणत होते, बाई, मागं राहा, लांबनं बोट दावा. लांबनं नाय दिसत रे, ती जागा पायांना मालूम असते. बारा जागा सापडल्या, तिथं पुन्हा दगड रचले, चुना लावला. तीन जागा आठवंनात. खूप आठवलं. एका ठिकाणी बसून राहिले उन्हात, तरी आठवंना. तुला आठवत असतील तर साहेबाला सांग. तू लहानपणी दाजींच्या मागं चुन्याचा डबा घेऊन फिरायचास. मला सांगू नको, साहेबाला सांग, आन् उद्याच सांग.

पुंजाराम घरी आलाय. एका डोळ्यानं दिसतं त्याला. काल मी गेले तर तो अंगणात खाटेवर बसला होता. म्हणला, "वहिनी, तू जागा दावल्यास म्हणून बरं झालं, नाय तर अजून कुणाचं झालं असतं." शाळेतलं त्याच्यापर्यंत अजून पोचलं नाय. सरपंच आन् अप्पाराव दोघंबी गप बसलेत, का ते त्यांनाच मालूम. गयाबाई चुलीपुढं होती. तिनं मागं न बघता विचारलं, "चतुराअक्का, त्या आठवड्यात मंजुषाला का ठेवलं होतं घरी?"

मी म्हणलं, "उसण भरली होती."

तिनं मान हलवली आन् भाकरी उलटली.

साहेबाला सांगितलं ते कागदावर गेलं. तुला सांगतेय तेबी कागदावर. गयाबाईला वाचता येत नाय. तिला तोंडानंच सांगावं लागंल, तिच्या दारात उभं राहून.

तिची चूल पेटलेली दिसतेय इथनं. पाकीट मंजुषाकडं देते, ती पोस्टात टाकंल. मी तिकडं चालले.

चतुरा